गोळ्यांचे वाटे

कोतवाल-बुकात मरणाच्या कारणांसाठी सहा रकाने होते. पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर. मी ते बुक पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा तापाचा रकाना भरलेला आणि बाकीचे बहुतेक कोरे दिसले. बाळंतीण तापाने मेली होती, म्हातारा तापाने मेला होता, खोकून खोकून गेलेला विणकरही तापाने. साप चावलेला एक माणूस तापाच्या रकान्यात होता, कारण मरण्यापूर्वी त्याचे अंग गरम लागले होते.

याची रीत अशी होती. कोतवालाला लिहिता येत नसे. गावात कोणी जन्मले की तो कमरेच्या दोरीला एक साधी गाठ मारी, कोणी मेले की दुहेरी. बाजाराच्या दिवशी ती दोरी घेऊन तो ठाण्यावर येई. मुन्शी गाठीवर बोट ठेवून विचारी, "हा कायनं मेला?" कोतवाल म्हणे, "आंग तापलं होतं." मुन्शी लिही. मग ती गाठ सोडली जाई. आठवड्यांचे आकडे महिन्यात जात, महिन्यांचे जिल्ह्यात आणि जिल्ह्यांचे प्रांताच्या छापील तक्त्यात.

ते दिवस युद्धाचे होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. मी मॅट्रिक होऊन दोन वर्षे घरी बसलो होतो. वडील भाताच्या गिरणीत काट्यावर होते. हिवतापाच्या तपासासाठी एका सरकारी डॉक्टरांना कारकून हवा असल्याचे त्यांना गिरणीतच कळले. अटी दोन होत्या, अक्षर चांगले आणि पायी चालण्याची तयारी. मी आमगावपर्यंत रेल्वेने, पुढे देवरीपर्यंत बैलगाडीने आणि तेथून चिचगडच्या पलीकडे पायी गेलो.

डॉक्टर पंचेचाळिशीचे होते. दम्यामुळे वाक्य तोडून बोलत. कलकत्त्याला काही महिने राहून ते आकड्यांचे शास्त्र शिकून आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी कोतवाल-बुकाचे पान माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "यातून काय कळतं?"

मी म्हणालो, "ताप फार आहे."

"काही कळत नाही. सगळं एकाच रकान्यात असलं की रकाना नसल्यासारखाच."

त्यांनी मला कामाचा हेतू सांगितला तो असा. जावा बेटावरून येणारी हिवतापावरची कोयनेल, म्हणजे क्विनीन, युद्धाने बंद झाली होती. तिच्या जागी एक नवी पिवळी गोळी आली होती. ती रोज घेतल्याने जंगलातल्या मुलांचा हिवताप टळतो का, हे पाहायचे होते. नुसते वाटून पाहणे पुरेसे नव्हते. "समजा आपण सगळ्या गावाला गोळ्या वाटल्या आणि ताप कमी झाला," डॉक्टर म्हणाले. "आणि त्या वर्षी पाऊसच कमी पडला असेल तर? गोळीनं झालं की पावसानं? म्हणून एकाच गावातल्या निम्म्या मुलांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खडूची गोळी. पाऊस दोघांना सारखा, डास दोघांना सारखे. मग जो फरक पडेल तो गोळीचा."

"निम्मी कोणती, ते कोण ठरवणार?"

"कोणीच नाही. माणसानं ठरवलं की तो अशक्त पोराला औषध देतो किंवा पाटलाच्या पोराला देतो. सोडत काढायची."

फरक सिद्ध झाला तर पुढच्या पावसाळ्यापासून त्या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाला गोळी द्यायची आणि सिद्ध झाला नाही तर सगळा साठा सैन्याकडे वळवायचा, असे वरून लेखी आले होते. तो कागद डॉक्टरांनी मला दोनदा वाचायला लावला.

गावे तीन होती. दोन आत जंगलात, गोंड वस्तीची, एकमेकांपासून तासाभराच्या वाटेवर. तिसरे रस्त्यालगत, लहान, शेतकऱ्यांचे. तिन्ही मिळून मुले शंभराच्या आत होती. गोळ्या गोंदियाला एका कंपाउंडरने तयार केल्या. औषधाची आणि खडूची, दोन्ही पिवळ्या, दोन्हींवर साखरेचा लेप. एका प्रकारच्या पुडीवर काळा ठिपका होता, दुसरीवर नव्हता. ठिपक्याची पुडी औषधाची की खडूची, हे त्याने एका पाकिटात लिहून लाखेने बंद केले. पाकीट डॉक्टरांच्या पेटीत राहिले. मला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते.

सोडतीसाठी डॉक्टरांनी चिचोके निवडले. निम्मे घासून पांढरे केले, निम्मे तसेच काळे ठेवले. पहिल्या गावात देवाच्या झाडाखाली बायका मुलांना घेऊन बसल्या. प्रत्येकीने डोळे मिटून पिशवीत हात घालायचा. काळा आला तर मुलाच्या नावापुढे काळी, म्हणजे ठिपक्याची पुडी, पांढरा आला तर पांढरी.

एक बाई काळा चिचोका दाखवून म्हणाली, "काळा निंगाला. आता पोट्टीले नवराबी काळाच भेटंल का बाबू?"

दुसरी म्हणाली, "तुहा काय गोरा होता का वो?"

बायका हसल्या. भुमका, म्हणजे गावचा पुजारी, बाजूला उकिडवा बसला होता. त्याने मला विचारले, "याच्यातलं चांगलं कोनतं?"

"माहीत नाही."

"डागदराले?"

"त्यांनाही माहीत नाही."

"डागदरालेच मालूम नाई, मंग हा कायचा डागदर?" या वेळी पुरुषही हसले. डॉक्टरांनाही हसू आले आणि त्याचा खोकला झाला.

कोतवालाच्या घराशेजारी राहणाऱ्या एका बाईची मुलगी चार वर्षांची होती. तिच्या नावावर काळा चिचोका निघाला. मुलीचे पोट पुढे आले होते. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली हात घातला आणि सांगितले, "दोन बोटं." मी लिहिले. हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगते आणि बरगडीखाली हाताला लागते. ती किती बोटे खाली आली आहे, हे आमचे मुख्य माप होते.

त्या बाईने मला विचारले, "दोन म्हनजे लय हाये का?"

"फार नाही."

"तीन लेकरं पुरली बाबू. तिन्ही बरसातीत. हे चवथं." मग म्हणाली, "हे औसध पुढल्या बरसातीतबी भेटंल का?"

मी म्हणालो, "भेटेल." तसे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. कामाला लागून मला पाच दिवस झाले होते.

पाऊस सुरू झाल्यावर डॉक्टर गोंदियाला गेले आणि मी राहिलो. आठवड्यातून एकदा प्रत्येक गावी जायचे, घरोघर सात गोळ्यांची पुडी द्यायची, मागची रिकामी पुडी परत घ्यायची, कोणाला किती दिवस ताप आला ते विचारून लिहायचे. बांध्यांत भात उभा होता, नाले कमरेपर्यंत होते. मी वही डोक्यावर बांधून नाले ओलांडत असे. ज्याला जास्त ताप येई त्याला, पुडी काळी असो वा पांढरी, माझ्याजवळच्या बाटलीतली कोयनेल द्यायची होती. पोळ्याच्या सुमारास बाटली संपली. दुसरी आली नाही.

पुड्या मात्र नियमाने रिकाम्या मिळत. एकही गोळी चुकल्याची तक्रार नव्हती. तसे मी डॉक्टरांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले, "उत्तम. असेच राहू द्या."

त्याच दिवसांत आतल्या दोन गावांत मला मुलांचे तळहात पिवळे दिसू लागले. आधी दोघा-तिघांचे, मग जवळजवळ सगळ्यांचे. हळदीचा हात पुसून घ्यावा तितके फिकट. कोतवाल म्हणाला, "बाबू, आमच्या पोट्ट्यायचं लगीन लागून राहिलं दिसते. साऱ्यायले हळद लागली."

मी वही उघडली. ताप, दिवस, बोटे, पुडी, शेरा असे रकाने होते. शेऱ्यात फक्त 'गावी नाही' किंवा 'मृत' लिहायचे होते. डॉक्टरांनी निघताना बजावले होते, "रकान्याबाहेर काही टिपू नका. टिपलंत की तर्क कराल, तर्क केलात की विचारताना शब्द बदलेल." मी तळहातांविषयी काही लिहिले नाही. दोन्ही गोळ्या पिवळ्या होत्या, तेव्हा पिवळेपण दोन्हींचे असेल, असे मी धरले. तो रंग फक्त औषधाचा असतो, खडूच्या गोळीचा रंग अंगात चढत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नाही.

दिवाळीनंतर डॉक्टर परत आले. शेवटच्या तपासणीत त्यांनी डोळ्यांवर पंचा बांधला. कारण सरळ होते, पण मला ते नंतर कळले. औषधाने कातडी पिवळी पडते हे त्यांना ठाऊक होते. मूल पाहिले तर कोणाला औषध मिळाले ते ओळखू येईल आणि मग बोट नकळत एक इकडे एक तिकडे होईल. म्हणून बघायचेच नाही. मूल खाटेवर निजवायचे, मी डॉक्टरांचे मनगट धरून हात पोटावर ठेवायचा, त्यांनी बोटे सांगायची. मुलांना तो आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ वाटला. काही मुले मुद्दाम दोनदा रांगेत उभी राहिली आणि कोतवालाने त्यांना कान धरून बाहेर काढले.

कोतवालाच्या शेजारणीची मुलगी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चार."

मी लिहिले. तिच्या आईने पंचा बांधलेल्या डॉक्टरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग मुलीला खाटेवरून उचलून ती निघाली.

गोंदियाला स्टेशनजवळ एका खोलीत आम्ही हिशेब मांडला. आधी मी सगळी बोटे दोन याद्यांत उतरवली, काळी आणि पांढरी. पाकीट तोपर्यंत बंद होते. डॉक्टरांनी दोन्ही याद्यांची सरासरी काढली. मग प्रत्येक मूल सरासरीपासून किती दूर आहे, त्याचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. लॉगच्या तक्त्यावर बोट ठेवून ते मला समजावत होते. "नुसता फरक दिसून भागत नाही. नुसत्या सोडतीच्या नशिबानं जेवढा फरक पडू शकतो, त्याहून तो मोठा पाहिजे. नाही तर तो नाहीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेरजा जुळल्या. दोन्ही सरासऱ्यांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. तापाच्या दिवसांतही नव्हता. डॉक्टरांनी सगळे पुन्हा मांडले. उत्तर तेच आले. मग त्यांनी पाकीट फोडले. काळी पुडी औषधाची होती. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या, रस्त्यालगतच्या गावातली मुले मी वेगळी काढून पाहिली. तिथे औषधाच्या मुलांची पानथरी लहान झाली होती. खडूच्या मुलांची वाढली होती. मी कागद पुढे केला.

डॉक्टरांनी तो पाहिला. "किती मुलं आहेत यात?"

मी सांगितली. फार थोडी होती.

"एवढ्यावर काही म्हणता येत नाही. आणि तीन गावं एकत्र मोजायची, हे मी आधी लिहून दिलंय. निकाल पाहून गाव निवडायला लागलो तर मला हवा तो निकाल काढता येईल. जो कोणी काढतो तो असाच काढतो." त्यांनी कागद परत दिला. "पण इथं असं का व्हावं?"

त्याचे उत्तर मला पुढच्या आठवड्यात मिळाले. कागदपत्रे पुरी करायची म्हणून उरलेल्या पुड्या परत आणण्यासाठी मी गावी गेलो होतो. कोतवालाच्या अंगणात बसलो. डॉक्टरांचे काम संपले, आता बोलायला हरकत नाही, असे वाटून मी म्हणालो, "गोळीनं काही फरक पडला नाही."

"कसा पडन?" कोतवाल म्हणाला. "अर्धी त फिक्कीच होती."

"फिक्की म्हणजे?"

त्याने सांगितले ते असे. चार-पाच वर्षांच्या मुलांना गोळी गिळता येत नव्हती. आयांनी ती दगडावर फोडून पेजेत कालवली. मुले पेज खाईनात, तेव्हा चाखून पाहिली. काही घरची पेज भुईनिंबासारखी कडू होती, काही घरची नुसती गोड. दुसऱ्याच दिवशी विहिरीवर सगळ्या बायकांना कळले की काळ्या पुडीत औषध आहे आणि पांढरीत काही नाही. डॉक्टरांनी लाख लावून ठेवलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात गावाला ठाऊक होती.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी इचारत होते ताप आला का, ताप आला का."

बायका भुमक्याकडे गेल्या. भुमक्याने निवाडा केला तो त्यांच्या रीतीप्रमाणेच होता. शिकार झाली की ती मारणाऱ्याची नसते. देवाच्या झाडाखाली पळसाची पाने मांडतात, जितकी घरे तितकी पाने, आणि मांसाचे सारखे वाटे घालतात. आजारी माणसाच्या घराचा आणि शिकारीला न गेलेल्या विधवेच्या घराचाही वाटा असतो. वाटे घालणारा आपले पान शेवटी उचलतो. गोळ्याही तशाच वाटल्या. मी पुड्या देऊन वळलो की सगळ्या पुड्या, मुलामागे रोजची एक भरावी म्हणून पांढऱ्याही, एका सुपात रिकाम्या होत, हाताने कालवल्या जात आणि पानांवर मोजून पडत. रिकामे कागद ज्याचे त्याला परत जात. म्हणूनच मला ते नियमाने मिळत होते.

"एकाच्या घरी औसध आन् दुसऱ्याच्या घरी मातीची गोळी," कोतवाल म्हणाला, "असं गावात कसं चालंल बाबू? डागदर चांगला मानूस. त्याले समजलं नसंल. आमी दुरुस्त करून घेतलं."

"दुसऱ्या गावातही?"

"त्यायनं आमचं पाहून केलं. सोयरेच हायेत."

शेजारची बाई कुडाच्या पलीकडून ऐकत होती. मी तिच्याकडे गेलो. तिच्या मुलीच्या नावावर औषधाची पुडी होती, हे आता मला ठाऊक होते. मी तिला ते सांगितले.

"आमाले ठावं होतं," ती म्हणाली. "कडूच होती."

"मग तू कायले दिल्या? तुझ्या पोरीच्या होत्या त्या." त्या पट्ट्यात राहून माझ्या तोंडी त्यांचे शब्द येऊ लागले होते.

ती म्हणाली, "माह्या एकटीचीच जगली असती, मंग खेळली कोनासंग असती?"

अर्ध्या गोळ्या म्हणजे अर्धा बचाव, असे होत नाही. डॉक्टरांनी मला नंतर समजावले. रोज गोळी मिळाली तर रक्तात औषध टिकते. एक दिवस औषध, एक दिवस खडू, मग दोन दिवस खडू, असे झाले तर टिकत नाही. कालवलेल्या सुपातून कोणाच्या पानावर काय पडले, हे वाटणाऱ्यालाही दिसत नव्हते.

मी गोंदियाला परतलो आणि डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "तिसऱ्या गावात?"

"तिथं ज्याची त्यानं घेतली. तिथं वाटायची रीत नाही."

"तळहात पिवळे होते का? आतल्या गावांत? सगळ्यांचे?"

"होते."

"तुम्ही पाहिले होते?"

"हो. पोळ्यापासून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "पोळ्याला एक ओळ लिहिली असतीत, तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो." मग, "रकाना मीच ठेवला नव्हता." आणि ते अहवाल लिहायला बसले.

अहवालाला त्यांनी एक परिशिष्ट जोडले. त्यात गोळ्यांच्या वाटणीची हकिगत होती आणि पुढची मागणी. पुन्हा करून पाहावे, पण या वेळी मुलांची सोडत न काढता गावांची काढावी. एका अख्ख्या गावाला औषध, दुसऱ्या अख्ख्या गावाला खडू. एक गाव म्हणजे एक चिचोका. त्यासाठी तीन गावे पुरणार नाहीत, पुष्कळ लागतील, हेही त्यांनी लिहिले. ते लिहिले नसते तर कदाचित मागणी मान्य झाली असती. मी तसे सुचवले. ते म्हणाले, "मग पुन्हा तीन गावांत काहीच कळणार नाही, आणि ते मला आज ठाऊक आहे."

महिन्याभराने छापील गोषवारा आला. त्यात आमच्या कामाला चार ओळी होत्या. निष्कर्ष, दोन गटांत फरक आढळला नाही. परिशिष्टाचा उल्लेख नव्हता. सोबतच्या पत्रात कळवले होते की सध्याच्या परिस्थितीत पुन्हा प्रयोग करणे शक्य नाही आणि शिल्लक गोळ्या ताबडतोब नागपूरला पाठवाव्यात. आम्ही त्या पेट्यांत भरून मालगाडीने पाठवल्या. उन्हाळ्यात डॉक्टरांचीही नेमणूक पूर्वेकडे सैन्याच्या इस्पितळात झाली. जाताना त्यांनी लॉगचा तक्ता मला दिला. त्यांचे नंतर मला काही कळले नाही.

मला त्यांच्याच खात्यात नकलनविसाचे तात्पुरते काम मिळाले. महिन्यातून एकदा ठाण्यावर जाऊन कोतवाल-बुकांतले जन्ममृत्यू उतरून घ्यायचे. पुढचा पावसाळा नेहमीइतकाच झाला. भाद्रपदातल्या बाजाराच्या दिवशी मी ठाण्याच्या पडवीत बसलो होतो. मुन्शी तापाने पडून होता. कोतवाल दोऱ्या घेऊन ओळीने उभे होते, तेव्हा जमादाराने त्यांची बुकेही मलाच लिहायला सांगितली.

तिसरा-चौथा आमचा कोतवाल होता. मला पाहून त्याने रामराम केला. दोरीला एक साधी गाठ होती आणि दोन दुहेरी. पहिल्या दोन त्याने सांगितल्या, मी लिहिल्या. तिसऱ्या गाठीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे आमच्या शेजारनीची."

मी वय विचारले.

"पाच बरसाती."

"कधी?"

"बुधवारी. चार दिवस आंग तापून राहिलं होतं. मंग झटके आले."

त्याने फेट्याच्या पदरातून पळसाच्या पानाची एक पुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. गेल्या वर्षी मी उरलेल्या गोळ्या परत न्यायला गेलो होतो, तेव्हा त्या बाईने काही मागे ठेवल्या होत्या. पुढल्या बरसातीत मिळतील, या माझ्या शब्दावर तिने सगळे सोडले नव्हते. मुलीला ताप आल्यावर त्यातल्या तिने दिल्या. तीन उरल्या. "आता तिले लागत नाईत म्हने. ज्याच्या त्याले दे, म्हने."

साखरेचा लेप ओलीने सुटला होता. मी एक गोळी दाताने फोडली. तिला चव नव्हती. दुसरीलाही नव्हती. तिसरी कडू होती. कोतवाल माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"कडू हाये?"

"एक आहे."

तो मान हलवून म्हणाला, "वाट्याले आलं ते आलं." मग त्याने बोटाने बुकाकडे दाखवले. "लिवा बाबू. मागं लोकं उभे हायेत."

मी तापाच्या रकान्यात एक लिहिला. त्याने दोरीची गाठ सोडली, बुक काखेत मारले आणि पडवी उतरून बाजाराकडे गेला. पुढच्या कोतवालाच्या दोरीला चार दुहेरी गाठी होत्या. मी पहिलीवर बोट ठेवले आणि विचारले, कायनं मेला.